दार लावून घ्या

उघडा असलो की मला बोलणं सुचत नाही, म्हणून आधी मला लोटून घ्या. हं, आता बरं वाटलं. मी कोळशाच्या खाणीतला दरवाजा.

माझ्या जन्मात कौतुक करण्यासारखं काही नाही. खाणीच्या तोंडाशी असलेल्या सुतारशाळेत जाड फळ्या जोडल्या, लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि मला आडवं टाकून खाली नेलं. तेवढंच काय ते ऊन मी पाहिलं. घराच्या दरवाजाला निदान पाहुणेरावळे तरी दिसतात, माझ्या दोन्ही बाजूंना काळोख.

काम मात्र मोठं होतं. खाणीत एका बोगद्यानं ताजी हवा आत जायची, पार टोकाला कोळसा फोडतात तिथला गॅस बरोबर घ्यायची आणि दुसऱ्या बोगद्यानं बाहेर पडायची. हे दोन बोगदे जोडणाऱ्या आडव्या वाटेत, बाहेर जाणाऱ्या हवेच्या बाजूला, मी उभा होतो. मी बंद असलो की हवा लांबचा फेरा घ्यायची. उघडा राहिलो की तीही माणसांसारखी जवळची वाट धरायची आणि टोकाला गॅस साचत राहायचा. सगळ्यांचा श्वास माझ्या बंद असण्यावर चालायचा, आणि बंद राहून राहून माझा जीव मेटाकुटीला यायचा.

पण मला बंद ठेवायचं कोणाला होतं? टब, म्हणजे कोळशाची छोटी गाडी, रुळावरून ढकलत आणायचा, थांबायचं, मला उघडायचं, टब पलीकडे न्यायचा, परत येऊन मला लावायचं. कंटाळा येणारच. मग कोळशाचं एक ढेकूळ पायानं माझ्याखाली सरकवायचं की झालं काम. सगळेच तसं करायचे. रोज तिथेच ढेकूळ घासून माझी खालची कड झिजली आणि तिथे हात जाईल एवढं भोक पडलं.

यात सगळ्यात पटाईत एक तरुण टबवाला होता. त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा त्याच खाणीत छताला टेकू लावायचा. हा त्याला दाजी म्हणायचा, म्हणून सगळी खाणच त्याला दाजी म्हणू लागली, आणि याला नुसतंच मेहुणा. दाजी येता-जाता ते ढेकूळ लाथेनं उडवायचे.

"तुझ्या अक्कानं तुला काही वळण लावलं नाही का रे?"

"लावलं असतं हो, पण तुम्ही तिला लवकर घेऊन गेलात."

दाजींची पाठ फिरली की ढेकूळ पुन्हा माझ्याखाली. मला दोघांचाही राग यायचा, आणि दोघंही आवडायचे.

त्या दिवशीही मी तसाच उघडा होतो. दाजी आडव्या वाटेत टेकू ठोकत होते, मेहुणा रिकामा टब घेऊन माझ्यातून आत आला होता. तेव्हा खाणीत उघड्या ज्योतीचे दिवे चालायचे. टोकाला कोणाच्या तरी दिव्याची साचलेल्या गॅसशी गाठ पडली. आधी वारा उलटा फिरला, मग स्फोटाचा आवाज आला. मी भिंतीला चिकटून उघडा होतो म्हणून तो मार माझ्या अंगावर आला नाही. वाटेच्या दुसऱ्या तोंडाशी मात्र छत कोसळलं, आणि माझ्या पलीकडच्या बोगद्यातून धूर येऊ लागला.

दाजींनी ढेकूळ ओढून काढलं, मला लावलं, दोघांचे सदरे फटींत कोंबले. आता एका बाजूला दगडांचा ढीग, दुसऱ्या बाजूला मी आणि मध्ये ते दोघं. दिवाही विझवून टाकला. आयुष्यभर ज्या खाणीनं मला उघडा ठेवलं, तिथलीच माणसं आता मी बंद राहावं म्हणून मला पाठ लावून बसली होती.

पण भोक होतं ना. चिंध्यांतूनही धूर झिरपायचा. मग दोघं आळीपाळीनं त्याला पाठ लावू लागले. दुसरा हातोडीनं रुळावर ठोकत राहायचा, कोणी ऐकेल म्हणून.

बराच वेळ गेल्यावर मेहुणा म्हणाला, "दाजी, अक्का लहानपणापासून ओरडायची. दार लावून घे रे, दार लावून घे. मी कधी लावलं नाही."

"गप्प बस. दम राखून ठेव."

"तिला सांगू नका, दार मी उघडं ठेवलं होतं ते."

"नाही सांगणार."

ठोकून ठोकून दाजींचा डोळा लागला. भोकाला पाठ लावायची त्यांची पाळी आली होती, पण मेहुण्यानं त्यांना उठवलं नाही. हातोडी घेतली आणि बसल्या जागेवरूनच ठोकत राहिला. त्याचा श्वास मला पाठीतून कळत होता. तो जड झाला, मग थांबला. मला हात असते तर मी दाजींना हलवून उठवलं असतं. मी नुसता उभा राहिलो.

ठोकणं ऐकून पलीकडून माणसं दगड उपसत आली. दाजी वाचले. मेहुण्याला माझ्यापासून त्यांनीच दूर केलं.

मग चौकशीचे अधिकारी खाली आले. त्यांनी माझ्यासमोरच दाजींना विचारलं, "हे दार बंद होतं का?" बंद होतं म्हटलं असतं तर मेहुण्याला दिलेला शब्दही राहिला असता आणि दारं जशी होती तशीच राहिली असती. दाजींनी माझ्या भोकाकडे बघितलं.

"उघडं होतं."

"कोणी ठेवलं?"

"आम्ही. सगळेच ठेवायचो."

पुढे एकाऐवजी दोन-दोन दरवाजे आले, एक उघडला तरी दुसरा बंद राहील असे, आणि सोडताच आपोआप मिटणारे. जाळीचे कुलूपबंद दिवे आले. भिंतींवर पांढऱ्या दगडाची भुकटी मारू लागले, म्हणजे कोळशाची धूळ पेटत नाही. मला वर आणलं आणि नव्या कामगारांना शिकवतात त्या खोलीच्या मधोमध चौकटीसकट उभं केलं. मागेही खोली, पुढेही खोली. शिकवायला दाजीच. दर वेळी "आम्ही" म्हणतात, त्याच्या पुढे जात नाहीत.

परवा दाजी डबा विसरले, म्हणून अक्का तो द्यायला आली. पहिल्यांदाच. वर्ग सुटला होता, पोरं माझ्यातून गंमत म्हणून निघून गेली होती आणि मी सताड उघडा होतो. तिनं वाकून माझी झिजलेली कड बोटानं चाचपली.

"त्यानंच ना?"

दाजींनी डबा हातात घेतला.

"घरातही कधी लावलं नाही मेल्यानं," अक्का म्हणाली.

ती माझ्यातून पलीकडे गेली, दोन पावलं टाकून थांबली, मागे फिरली आणि मला हळूच लावून घेतलं. मग कितीतरी वेळ हात न काढता तशीच उभी राहिली.