फिरते आरसे

उजव्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या कार्मेनमातेच्या चित्राचे नाक आता पुरते पुसले गेले होते. तपासणीस ओतोनिएल कार्दोनाने ते वाकून पाहिले आणि त्याची नजर आपसूक मागच्या चाकाकडे गेली. टायरच्या कडेवर पिवळ्या रंगाचे थेंब होते. तो आणखी खाली वाकला. मागच्या दिव्याची काच एका हिरव्या स्क्रूवर धरलेली होती.

तो तसाच उकिडवा बसून राहिला. आरसा, टायर, दिवा. तिघांनाही तो चांगला ओळखत होता. पण तिघांना एकाच गाडीवर त्याने कधी पाहिले नव्हते.

"ही गाडी कुणाची?" त्याने मान वर न करता विचारले.

"माझी," कठड्यामागून एक बाई म्हणाली. "म्हणजे देलियोची. माझ्या नवऱ्याची. तो गेला, गाडी राहिली. का हो साहेब, इतक्यातच काही निघालं का? तुम्ही तर अजून हातसुद्धा लावला नाहीत."

डोंगराच्या उतारावर वसलेल्या त्या गावात मोटरसायकल नसलेले घर विरळा, आणि वर्षाच्या तपासणीला न भिणारा मोटरसायकलवाला त्याहून विरळा. गाड्या कशात नापास होतात हे ओतोनिएलने झोपेतही सांगितले असते. झिजून गोटा झालेले टायर, न पेटणारा ब्रेकचा दिवा, लोंबणारी साखळी, हँडलच्या मुळाशी आलेला ढिलेपणा, आणि आरसे. आरसे तर कुणाच्याच गाडीला नसत. गल्ल्या अरुंद, गाड्या भिंतीला खेटून उभ्या करायच्या, तेव्हा आरसे काढून ठेवणे हाच शहाणपणा. तपासणीच्या दिवशी ते कुणाकडून तरी मागून आणायचे आणि फाटकाबाहेर पडताच उतरवायचे. माथ्यावरची ला कुचिया ही वस्ती तर या उसनवारीत मुरलेली होती. तिथे लग्नाचा कोट जसा चार घरांत फिरे, तसा चांगला टायरही फिरे.

वाहनवाल्यांची राखणदार असलेली ही कार्मेनमाता ओतोनिएलने पहिल्यांदा पाहिली ती एका पाववाल्याच्या गाडीवर. मग ती ट्रम्पेट शिकवणाऱ्या मास्तरांच्या गाडीवर आली. मग एका सुईणीच्या. गाडी दर वेळी वेगळी, माणूस वेगळा, माता तीच. ओतोनिएल गाड्या पास करत गेला. आरसा आहे की नाही, एवढेच नियम विचारतो. कुणाचा आहे, हे विचारत नाही. शिवाय ओतोनिएलही फारसे विचारणारा नव्हता. थोरल्या बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहणारा, जेवताना खिडकीबाहेर बघणारा तो माणूस. पण मनातल्या मनात त्याला या वस्तूंचे कुतूहल लागले होते. रोज खिडकीखालून जाणाऱ्या अनोळखी माणसाची जशी सवय होते, तशी त्याला त्या आरशाची झाली होती. महिनाभर आरसा आला नाही की त्याला चुकल्यासारखे वाटे. यांचा मालक कोण असेल? त्याने एक बेरकी म्हातारा कल्पिला होता, भाड्याने सामान देणारा, अंधाऱ्या दुकानात बसलेला.

आणि समोर ही उभी होती: एर्मिल्दा सुलुआगा, पन्नाशी ओलांडलेली, ओल्या केसांची, हातात नवे कोरे हेल्मेट अंड्यांच्या टोपलीसारखे जपून धरलेली.

तपासणी सुरू झाली तशी तिच्या तोंडाची टकळीही सुरू झाली. तिला सगळेच जाणून घ्यायचे होते.

"हे चाक फिरवणारं काय?"

"रोलर. ब्रेक किती धरतो ते कळतं."

"माणसाला असं काही आहे का हो? किती धरतो ते बघायला?"

ओतोनिएलला हसू आले; त्याने ते आकड्यांच्या पडद्याकडे वळवले. ब्रेक ठीक निघाले. भोंगा वाजला. दिवे लागले. मग त्याने पुढचे चाक उचलले, हँडल दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवले. आत कुठेतरी टक् असा आवाज झाला.

"हे काय वाजलं?"

"कोनसेट. हँडल ज्याच्यावर फिरतं ते बेअरिंग. गंजलंय." तो मागे गेला, टायरवर बोट फिरवले. मधली नक्षी नव्हतीच. खोली मोजण्याचा दांडा त्याने उगाच लावून पाहिला. "आणि टायर गोटा झालाय."

"असं कसं होईल?" ती कठड्यावरून वाकली. "नवा होता तो! देलियोनं टाकला आणि पुढच्याच महिन्यात त्याची किडनी गेली. गाडी ओसरीतच उभी आहे तेव्हापासून. ओसरीला पिवळा रंग मीच दिला, ते बघा थेंब. कुठं गेलीच नाही ती, तर झिजेल कशी?"

"गाडी गेली नाही," ओतोनिएल म्हणाला. "टायर गेला."

तिने रंगाच्या थेंबांवरची नजर उचलली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला काय माहीत?"

"मी पाहिलाय ना. पाववाल्याच्या गाडीवर होता, खाचेत पीठ बसलेलं. मग मास्तरांच्या. एकदा सुईणबाईंच्या, तेव्हा लाल माती होती. ती नदीपलीकडं असते, म्हणजे तिकडं कुणीतरी बाळंत झालं असणार. एकदा मासळीचा वास येत होता."

"अगं बाई," एर्मिल्दा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग येईल असे त्याला वाटले होते. आले ते नवलच. "नदीपलीकडं? मी अजून गेले नाही तिकडं. मला सगळे सांगायचे, एका दिवसासाठी हवाय, डोन्या मिल्दा, संध्याकाळी आणून देतो. संध्याकाळ म्हणजे पुढच्या महिन्यातली, ते कळायचं मला. पण मी म्हणायचे, नेऊ दे."

"का पण?"

"देलियो जाताना म्हणाला होता, उभी गाडी कुजते, मिल्दा, हिला चालती ठेव. मला कुठं येत होती चालवता? आणि विकवेना. मग मी म्हटलं, सगळी नाही तर नाही, तुकड्यातुकड्यांनी का होईना, चालू दे." तिने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. "चुकलंच ना?"

जे चालले ते झिजले होते, आणि जे कुणी मागितले नाही ते जागच्या जागी गंजले होते. यातले बरे कोणते, हे सांगणारा दांडा ओतोनिएलच्या पेटीत नव्हता.

"साहेब," तिचा आवाज खाली आला, "सोमवारी मला अल्तो बोनितोच्या शाळेत स्वयंपाकाला लागायचंय. बस अर्ध्या चढावरून वळते. भाचीनं तिच्या गाडीवर मला फुटबॉलच्या मैदानात शिकवलं, गुडघे फोडून घेतले मी या वयात. सोमवारी नाही पोचले तर जागा दुसरीला जाईल; ती तयारच बसलीय. आजच्या दिवस जाऊ द्या ना. देलियोच्या नावानं."

इतकी वर्षे ओतोनिएलने उसन्या आरशांकडे डोळेझाक केली होती. आणि आज, ज्या गाडीवर सगळे सामान तिचे स्वतःचे होते, तिलाच तो अडवत होता.

"तो चढ मला माहीत आहे," शेवटी तो म्हणाला. "सकाळी धुकं असतं. एका अंगाला दरी. हा टायर ओल्या रस्त्यावर धरणार नाही, डोन्या एर्मिल्दा. मी पास केली तर तुम्ही पोचाल की नाही, हे मला इथं बसून कळायचं नाही. दिवसभर तेच डोक्यात राहील."

तिने कठड्यावरून वाकून टायरवर स्वतः बोट फिरवले.

"बरं," ती म्हणाली. "नापास तर नापास. पण नीट सांगा, कोनसेट आणि टायर, एवढंच? बाकी सगळं चांगलं आहे?"

"बाकी चांगलं आहे. साखळी तर फार छान ठेवलीय."

"रोज तेल द्यायचे तिला," असे म्हणून तिने हेल्मेट हँडलला अडकवले आणि गाडी ढकलत बाहेर नेली.

फाटकाबाहेर तिचा शेजारी विल्फ्रान रांगेत उभा होता, पाठीवर गॅसच्या टाक्या वाहून वाहून एका खांद्याने कललेला. त्याच्या गाडीला आरसे नव्हते. ओतोनिएलला दारातून दोघांचे बोलणे स्पष्ट ऐकू येत होते.

"डोन्या मिल्दा! देवच पावला. आरसे द्या ना जरा, पुढचा नंबर माझाच आहे."

"मी नापास झाले, विचारलंस का?"

"अरेरे. कशात?"

"त्या टायरात, जो तू नाताळात नेलास आणि ईस्टरला आणून दिलास."

"आता तसं बघायला गेलं तर... रस्ताच खराब आहे हो आपला."

"रस्ता खराब आहे, आणि तू साधुसंत. तुझा मागचा टायर नवा दिसतोय."

"कालच टाकला," विल्फ्रान अभिमानाने म्हणाला, आणि बोलून चुकल्याचे त्याच्या लगेच ध्यानात आले. "म्हणजे, अगदीच नवा असं नाही म्हणता येणार..."

"आरसे घे. पास होऊन बाहेर आलास की चाक उतरव. तुझा टायर मला, माझा तुला. तुला गावातल्या गल्ल्यांतच फिरायचं. मला दरीच्या कडेनं जायचंय."

"मग मी गोट्यावर फिरू?"

"इतकी वर्षं माझ्या जिवावर फिरलास, आता देवाच्या जिवावर फिर. नवा मिळेपर्यंत टाक्या पायी पोचव. खांदा तरी सरळ होईल."

रांगेतले लोक हसले. विल्फ्रानने मुकाट्याने पाना काढला.

थोड्या वेळाने त्याची गाडी आत आली. नाक नसलेली माता ओतोनिएलसमोर दुसऱ्यांदा उभी राहिली. या खेपेस त्याने आयुष्यात प्रथमच विचारले, "आरसे कुणाचे?"

"आरसे?" विल्फ्रान गांगरला. "आरसे... गाडीचे, साहेब."

"गाडी कुणाची ते विचारलं नाही मी."

"ला कुचियाचे म्हणा," विल्फ्रान खाली बघत म्हणाला.

शनिवारी एर्मिल्दा पुन्हा आली. मागे विल्फ्रानचा टायर होता. कोनसेट नवा होता. जो फिटर तिचा मागचा दिवा एकदा नेऊन कितीतरी महिने परत द्यायला विसरला होता, त्याच्याच दुकानासमोर ती भल्या सकाळी खुर्ची टाकून बसली होती, असे तिने स्वतःच सांगितले. "बसले म्हणजे बसले. काही बोलले नाही. गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, डोन्या, कशाला बसलात? मी म्हणायचे, याला विचारा. दुपारच्या आत कोनसेट बसवून दिला."

ओतोनिएलने हँडल हलवले. आवाज आला नाही. टायरवर बोट फिरवले. नक्षी खोल आणि धारदार होती.

"हा टायर इथून बाहेर पडल्यावर परत जाणार?"

"जाईल की. भोक पडलं म्हणजे जाईल. मला जसा आणून दिला, तसाच नेऊन देईन." मग ती हसायची थांबली. "नाही जाणार, साहेब. तुम्ही डोक्यात ठेवू नका."

त्याने शिक्का मारला. ती गाडीवर बसली, एकदा बंद पाडली, स्वतःलाच एक शिवी हासडली आणि निघाली. ती वळेपर्यंत आरशातली माता त्याला दिसत राहिली.

सोमवारी ओतोनिएल नेहमीपेक्षा लवकर निघाला. अल्तो बोनितोच्या चढाच्या पायथ्याशी टपरीवर त्याने काळी कॉफी घेतली आणि उभ्यानेच पीत राहिला. आपण इथे का थांबलो, हे त्याने स्वतःला विचारले नाही. धुके रस्त्यावर इतके उतरले होते की गाड्या आधी ऐकू येत, मग दिसत.

साखळीचा आवाज न करणारी एक गाडी आली. एर्मिल्दा पाठ ताठ ठेवून बसली होती. खांद्याच्या पिशवीतून मोठ्या डावाचा दांडा वर आला होता. तिने त्याला पाहिले नाही. त्याने कप धरलेला हात उचलला, आणि तेवढ्यात त्याला हँडल दिसले. आरशांच्या जागी दोन रिकामी भोके होती. आज ला कुचियात कुणाची तरी तपासणी असणार.

वळणाआधी तिने वेग कमी केला. एक पाय खाली सोडून, सगळी मान वळवून तिने मागे पाहिले, सावकाश, जणू मागे येणाऱ्या कुणाला पुढे जाऊ द्यायचे होते. रस्ता मोकळा होता. तिने मान पुढे केली आणि चढाला लागली.

हिरव्या स्क्रूवर धरलेला लाल दिवा धुक्यात बराच वर जाईपर्यंत दिसत होता.