टाकीतला डबा

“आधी ऐक. पाना मग उचल.”

लेकीने गॅरेजात हात काळे करायला सुरुवात केली तेव्हापासून ह्यांचं तिला हे एकच सांगणं. इंजिन सुरू करायचे, तिचा तळहात बॉनेटवर ठेवायचे आणि डोळे मिटायला लावायचे. सात वर्षांची होती.

“काय म्हणतंय, बारके?”

“भूक लागलीय म्हणतंय.”

“मग पेट्रोल कमी पडतंय,” म्हणून हे खुशाल स्क्रू फिरवायचे, आणि इंजिन खरंच शांत व्हायचं.

गॅरेज घराला लागूनच. माझी पूजेची खोली आणि ह्यांचं कामाचं टेबल यांच्यामध्ये एक भिंत, भिंतीत एक खिडकी. तिच्यातून इकडचा धूप तिकडे जाई, तिकडचा पेट्रोलचा वास इकडे येई. कोणी कोणाला नावं ठेवली नाहीत.

आमची पिकअप माझ्या लग्नाच्याही आधीची. तिचं मूळचं इंजिन कधीच निकामी झालं. मग ह्यांनी एका ठोकलेल्या मोटारीचं दांडगं इंजिन तिच्यात बसवलं. समोरचा लेथवाला म्हणाला, “म्हातारीला पैलवानाचं काळीज लावलंस की!” सपाटीवर ती खरोखर पैलवानासारखी धावायची. घाटात मात्र तिचा जीव जाई. उंचावर हवा विरळ होते, पण कार्ब्युरेटर बापडा खालच्याच मापाने पेट्रोल ओतत राहतो. काळा धूर ओकत, खोकत गाडी बंद पडायची. दोनदा हे अर्ध्या घाटातून मागे फिरले.

आणि घाटाच्या माथ्यावर वन्सं राहतात, ह्यांची थोरली बहीण. आईवेगळ्या ह्यांना त्यांनीच वाढवलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना फार वेळ बसवत नाही, त्यात डोळे मंदावत चाललेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार तर वर्षभर दिसेल. हे त्यांना म्हणाले होते, “आक्का, मागे गादी घालून तुला माझ्याच गाडीतून खाली आपल्या घरी नेईन. दिसतंय तोवर नेईन.” तेव्हापासून वन्संनी दुसऱ्या कोणाच्या गाडीत पाय ठेवायचा नाही असं ठरवूनच टाकलं.

म्हणून ह्यांनी कार्ब्युरेटरच्या जागी पेट्रोलचं इंजेक्शन बसवायला घेतलं. हवा किती, पेट्रोल किती, हे कॉम्प्युटर दर क्षणाला मोजणार आणि तेवढंच सोडणार. आयुष्यभर कानाने इंजिन जुळवणारा माणूस चष्मा लावून तारांचे रंग वाचू लागला. लेथवाल्याने तेवढंच धरलं. “कान विकलेस का रे?” हे हसले. “बहिणीसाठी गहाण टाकलेत.”

माझा एक नेम आहे. पहाटे दिवा लावला की पोथीचा अध्याय पुरा होईपर्यंत बोलायचं नाही. अठ्ठावीस वर्षं चुकला नव्हता. हे म्हणायचे, “तुझा देव आणि माझं इंजिन, दोघांनाही मध्येच बोललेलं खपत नाही.”

त्या सकाळी मात्र हेच मध्ये बोलले. खिडकीतून आवाज आला, “ऐकतेस का गं? टाकीचं काम राहिलंय. चढावर दगा देईल. जरा हात लावायला येतेस?”

दीड पान उरलं होतं. मी हात वर केला, थांबा म्हणून. भिंतीपलीकडून तो कसा दिसणार?

अध्याय संपवून चहा घेऊन गेले तेव्हा हे मागच्या चाकाला टेकून बसले होते. मांडीवर फडकं. मला वाटलं, दमलेत.

त्यांनी हाक मारली होती, हे मी कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरांना नाही, लेकीला नाही. टेबलावर त्यांनी नुकताच घडवलेला एक छोटा पत्र्याचा डबा होता. ओंजळीएवढा, वरून उघडा, कडेला दोन भोकं, आणि तळाशी आत ढकलली जाणारी एक पट्टी. कशाचा ते मला कळलं नाही. त्यांच्या हातची शेवटची वस्तू म्हणून धुऊन पुसून देवाच्या फळीवर ठेवला. त्यात वाती आणि काड्यापेटी ठेवू लागले.

वन्संना फोनवर मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, “बाळ्या गेला. गाडी तर आहे ना?”

“आहे, वन्सं.”

“मग तुम्ही या. मी वाट बघते. बघता येतंय तोवर.”

“येतो,” मी म्हणाले. शब्द देऊन बसले.

लेक शहरातल्या वर्कशॉपमधून सुट्टी काढून आली. तीन आठवडे खपली. सायलेन्सरच्या नळीत सेन्सर बसवला, ह्यांनी अर्धवट सोडलेली वायरिंग पुरी केली. पहिल्याच चावीला इंजिन लागलं. काळ्या धुराचा मागमूस नाही. लेथवाला रस्ता ओलांडून आला, डोळे पुसून परत गेला.

पण घरामागच्या चढावर नेली तर निम्म्यात बंद. खाली आणली की सुरू. पुन्हा चढ, पुन्हा बंद. तिने पंप बदलला, फिल्टर बदलला, सगळ्या तारा पुन्हा तपासल्या. असं करता करता पाचव्या दिवशी पायरीवर बसली आणि रडायलाच लागली.

“बाबा सांगायचे ना, आधी ऐक. ऐकते गं आई. पण हे काही म्हणतच नाही. कुरकुर नाही, खोकला नाही. एकदम गप्प होतं.”

गप्प. तो शब्द माझ्या छातीत रुतला. हे असते तर त्यांनी सांगितलं असतं. त्यांनी सांगितलं होतंच; ऐकणारी मी होते.

“बारके,” मी म्हणाले, “तुझ्या बाबांनी त्या सकाळी मला हाक मारली होती.”

सगळं सांगितलं. टाकीचं काम, चढावरचा दगा, दीड पान. माझ्याकडे न बघता ती ऐकत राहिली. मग उठली आणि टाकीवरचं झाकण खोलू लागली. तेवढा वेळ फक्त पान्याचा आवाज. मला वाटलं, आता ही माझ्याशी कधी बोलणार नाही.

पंप बाहेर आला. त्याच्या पट्टीला दोन भोकं होती, रिकामी.

“पंप बदलताना मला ही भोकं जास्तीची वाटली होती. इथे काहीतरी अडकवायचं होतं,” ती म्हणाली. “चढावर पेट्रोल सगळं मागे जातं, पंप उघडा पडतो. कार्ब्युरेटरच्या पोटात घोटभर साठा असायचा, म्हणून कधी कळलं नाही. इंजेक्शनला हवेचा एक घोटही चालत नाही. पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवायला काहीतरी हवं. छोटं भांडं. आत येईल पण बाहेर जाणार नाही असं…”

मी आत गेले. वाती काढल्या, काड्यापेटी काढली. डबा तिच्या हातात ठेवला. तिने पट्टी बोटाने आत ढकलली. सोडल्यावर ती आपोआप मिटली.

“आई! मला वाटलं उंदरांचा सापळा आहे!” ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला. डब्याची दोन भोकं पंपाच्या पट्टीच्या दोन भोकांवर नेमकी बसली.

“आत गेल्यावर दिसणार नाही हा कधी,” ती म्हणाली. “दुसरा करून घेते लेथवाल्याकडून. हा राहू दे तुझ्याकडे.”

“नको. त्यांनी माझ्यासाठी नव्हता केला.”

त्या संध्याकाळी गाडी तो चढ तीनदा चढली. लेक मला ‘हाकेसरशी गेली असतीस तर’ वगैरे काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. रात्री जेवताना तिने पहिली भाकरी माझ्या पानात वाढली, इतकंच.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी दिवा लावून अध्याय वाचत होते. फळीवर डब्याच्या जागी चौकोनी डाग उरला होता. पलीकडे इंजिन लागलं, हळू, एकसारखं. मागे वन्संसाठी गादी अंथरून झाली होती. खिडकीतून हाक आली.

“आई, ऐकतेस का? निघायचं?”

अजून पान उरलं होतं.

“आले गं,” मी म्हणाले.

पोथीत वात खुणेला घातली, देवाला हात जोडले, आणि वन्संसाठी काढलेली उशी बगलेत धरून फाटक उघडायला गेले.