उजव्या अंगावर

मेटगळ्ळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गंगाधरराव सकाळपासून सायकलशी भांडत होते. मागचे गिअर नीट बदलेनात. चेन एका चकतीवर टिकेना, करकरत दुसरीवर उडी मारी. त्यांनी वायर ताणली, सैल केली, तेल पाजलं. गोकुलममधल्या ज्या योगवाल्या गोऱ्याने मायदेशी परतताना ती विकली होती, त्याचाही उद्धार करून झाला.

शेवटी ते सायकलच्या मागे उकिडवे बसले, तेव्हा दिसलं. गिअर ज्या पट्टीला लटकतो, ती आत वाकली होती. सायकल उजव्या अंगावर पडल्याशिवाय ती अशी वाकत नाही. आणि ते तर कधी पडले नव्हते.

भवानीबाई कॉफी घेऊन आल्या. त्यांच्या उजव्या कोपराला हळद लावलेली होती.

"हे काय गं?"

"दार लागलं हो. स्वल्पच."

दुपारी आपण झोपल्यावर हिला कोणतं दार लागतं, हे त्यांनी विचारलं नाही. पान्याने पट्टी हळूहळू सरळ केली. पेडल फिरवलं; चेन मुकाट्याने चढली, मुकाट्याने उतरली. मग त्यांनी सीट चांगली चार बोटं खाली घेतली आणि कॉफीचा घोट घेत म्हणाले, "आता पाय टेकतील तुझे."