लोण्याची काडी

"आये, बाजूला हो! उद्या पावनं येतील, गाड्या कुटून घालू?" सुजितनं यांत्रिक करवत उचलली.

काशी आडव्या खोडावरून हलली नाही. रात्रीच्या वादळानं नागावच्या वाडीतला लोण्या आंबा मुळासकट लोळवला होता. सासऱ्याच्या हातचं झाड. फळ इतकं नाजूक की बोट रुतलं तरी डाग पडायचा. अलिबागच्या बाजारापर्यंत धड पोचायचं नाही. म्हणून दुसऱ्या कुणी लावलंच नव्हतं. पंचक्रोशीत हा एकच.

"कलमाला काड्या काडून घेतंय, मंग काप."

"त्या बांदशील कशावर? आपल्या वाडीत रोप हाय का येक तरी? समदीकडं पावन्यांना भाड्यानं द्यायच्या खोल्या!"

ते खरंच होतं. ऊन चढत होतं, पालवी माना टाकत होती. काड्या सुकल्या की लोण्या संपला. कलम बांधायला कोयीची, रायवळ आंब्याची रोपं होती ती कुंपणापल्याड, कोंडाजीकडं. आणि कोंडाजीशी बांधावरून बोलणं तुटलेलं. काशीच्या नवऱ्याच्या मयतालाही तो आला नव्हता.

काशीनं काड्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, चाकू घेतला आणि त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"भावजी, तुमच्या रोपांवर लोण्या बांदू द्या."

कोंडाजी सुपारी कातरत होता. त्यानं मान वर केली नाही. "बांद सरकवला तवा इचारलंवतं का, वैनी?"

"सरकवनारा गेला. तुमी भांडान उद्या करा. काड्या आज सुकतील."

"माज्या जाग्यात आंबं लागलं तं माजं. तुला येक न्हाय देनार."

काशीच्या मागं करवत सुरू झाली होती.

"तुमचंच ऱ्हाऊ दे, भावजी. पन ऱ्हाऊ दे."

अडकित्ता थांबला. कोंडाजीनं हातानंच रोपांकडं दाखवलं.

तिनं दुपारपर्यंत कलमं बांधली आणि घरी आली. मग पावसानं झोडपलं. कुंपणावरून बघावं तर रोज एखादी काडी काळी पडलेली. काशीला घास गोड लागेना. सुजित म्हणाला, "नाक घासलंस त्याच्याम्होरं, आनि हाती काय आलं?"

श्रावणात एकाच काडीवर तांबूस पानं फुटली. काशी कुंपणाशी खिळली. पलीकडं कोंडाजी त्या रोपाभोवती करवंदीची काटेरी डहाळी रोवत होता. हात रक्ताळले होते. तिला बघून खेकसला,

"तितून काय बघतंस, वैनी? हिकडं ये. पानं कुरतडल्यासारी दिसतान. मला मेल्याला त्यातलं काय कळतं?"

काशीनं लुगडं खोचलं आणि कुंपणातून वाकून आत शिरली.