नीराबाईंच्या हाताचा कागद

मी एक केस पेपर बोलतोय. पण बोलण्याआधीच एक कबुली देतो, माझ्या आठवणीची मला खात्री नाही. कागदाची आठवण म्हणजे त्याच्यावरची शाई, आणि माझी शाई एकदा भिजून पसरली आहे. तारखा अजून वाचता येतात. पण त्यांच्या मधलं जे मी सांगणार आहे, त्यातलं माझ्यावर लिहिलेलं किती, कानावर पडलेलं किती आणि इतक्या वर्षांच्या एकटेपणात मनाने जुळवलेलं किती, हे मला आता नीट वेगळं करता येत नाही. चुकलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म अलिबागच्या एका लहानशा छापखान्यात झाला. वर दवाखान्याचं नाव, खाली 'रुग्णाचे नाव', 'वय', 'वजन' आणि मग रेघाच रेघा. आम्ही पाचशे भावंडं एका गठ्ठ्यात बांधलेली, एसटीच्या टपावरून मुरुडला आलो. बाजारातून कोळीवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर डॉ. शिवदास चौलकरांचा दवाखाना होता, तिथल्या टेबलाच्या खणात आमची रवानगी झाली.

डॉक्टर तेव्हा सत्तरीला टेकले होते. मुंबईच्या कॉलेजात पंधरा वर्षं शिकवून, पत्नी गेल्यावर गावी परत आलेले. मुलंबाळं नव्हती. मृणाली नावाची एक पुतणी होती, तीही मुंबईत डॉक्टर, महिन्यातून एकदा फोन करायची. डॉक्टरांचं वाचन दांडगं होतं, पण स्वतःवर विश्वास अगदी थोडा. एकच प्रश्न रुग्णाला तीनदा विचारत. औषधाचं प्रमाण लिहून झालं की पुस्तक उघडून पुन्हा बघत. दवाखाना बंद करताना त्यांचे कंपाउंडर दयाराम म्हणायचे, "डॉक्टर, कुलूप मी लावलं, तुम्ही दोनदा ओढून बघितलं. आता त्या कुलपालाच विचारा, बाबा रे, लागलायस ना?"

डॉक्टर हसायचे आणि तिसऱ्यांदा ओढून बघायचे.

२०१९च्या जुलैत दयारामनी मला गठ्ठ्यातून ओढलं आणि माझ्यावर लिहिलं: क्रमांक ११४७. नीराबाई बुधाजी नाखवा. वय ५२. धंदा मासळी.

नीराबाईंच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर न भरणारी जखम होती आणि तिथून मनगटाच्या दिशेने, एका ओळीत, तीन गाठी. मे महिन्यात शिंगाळा माशाचा काटा लागला होता, तेव्हापासूनचं हे दुखणं. आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने बोट कापावं लागेल असं सांगितलं होतं. शेजारणींनी त्याहून भयंकर नाव घेतलं होतं.

"महारोग म्हणतान डॉक्टर," नीराबाई पदराने हात झाकत म्हणाल्या. "माझ्या टोपलीतलं म्हावरं कोन घेईल आता? बोट गेलं तरी चालंल, पन हे नाव नको."

डॉक्टरांनी तो हात आपल्या हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाले, "मला एक शंका आहे. चुकीची असू शकते. पण बोट कापायची घाई करू नका."

त्यांची शंका अशी होती. माशांच्या आणि खाऱ्या पाण्याच्या सोबतीने राहणारा एक जंतू असतो, क्षयाच्या जंतूचा दूरचा नातेवाईक. त्याला अंगाची ऊब मानवत नाही, म्हणून तो बोटं, मनगट अशा शरीराच्या गार टोकांना धरतो. तपासणीत तो सहसा सापडत नाही, कारण प्रयोगशाळा त्याला अंगाच्या उबेइतक्या उष्णतेत वाढवायला ठेवतात आणि तिथे तो वाढतच नाही. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा मुंबईला पाठवला आणि सोबत लिहिलं: कृपया तीस अंशांवर ठेवावे. चिठ्ठीवर भरवसा नाही म्हणून फोनही केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. शंका बरोबर होती. त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्यावर जंतूचं नाव लिहिलं, तेव्हा पेनाचा दाब नेहमीपेक्षा जास्त होता. तो मला अजून पाठीवर जाणवतो.

दोन तऱ्हेच्या गोळ्या, जवळजवळ चार महिने. बर्फात हात घालताना रबरी हातमोजे घालायचे, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं. ११ जानेवारी २०२० ला माझ्यावर ओळ आली: जखम पूर्ण भरली, गाठी नाहीत.

मग डॉक्टर केस रिपोर्ट लिहायला बसले. चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये त्यांनी कधी काही छापलं नव्हतं. एका बोटाने टाइप करायचे, खोडायचे, पुन्हा करायचे. दयाराम विचारायचे, "एका बाईच्या एका बोटावर एवढं काय लिहिताय?"

"किनाऱ्यावरच्या डॉक्टरांनी हे वाचलं ना दयाराम, तर पुढचं बोट कापलं जाणार नाही. आणि पुढच्या बाईला ते नाव ऐकावं लागणार नाही." आणि सवयीने, "अर्थात, माझं बरोबर असेल तर."

मार्चमध्ये तो रिपोर्ट मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकाकडे गेला. आणि त्याच महिन्यात सगळं जग बंद झालं.

मी त्या काळात नीराबाईंच्या घरी होतो. आमच्याकडे केस पेपर रुग्णाने घरी न्यायचा आणि येताना आणायचा अशी पद्धत होती. पण कोळीवाड्यात कागद माणसाचा नसतो, घराचा असतो. पिशवीत घालून खिळ्याला टांगलेला. घरातलं कुणीही आजारी पडलं की तोच घेऊन जायचं. मुलगा धनेश माझ्याच पाठीवर खोकल्याचं औषध लिहून आणायचा. दयारामना हे माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं, आणि म्हणूनच त्याबद्दल कधी कुणी बोलत नव्हतं.

जूनच्या वादळात घराचे पत्रे उडाले. पिशवीत पाणी शिरलं आणि मी भिजलो. धनेशची बायको विनिता पत्रे गोळा करायला धावली, त्यात तिच्या उजव्या मनगटाजवळ कापलं. दुसऱ्या दिवशी तिनेच मला उलगडून दोरीला चिमटा लावून वाळत टाकलं. हाताला फडकं बांधलेलं होतं. त्याच हाताने ती टपात मासळी धूत होती. सासूसारखे हातमोजे तिला आवडत नसत. दीडेक महिन्याने ती मला घडी घालून पिशवीत ठेवत होती, तेव्हा तिच्या मनगटाजवळची गाठ माझ्या कडेला लागली. निदान मला तसं आठवतं.

ऑगस्टमध्ये धनेश मला घेऊन दवाखान्यात आला. आत जायला बंदी होती. डॉक्टर प्लास्टिकच्या पडद्यामागे, तोंडावर दोन मास्क. दयारामनी खिडकीतून मला आत घेतलं.

"तोच रोग हाय डॉक्टर," धनेशने मोबाईल काचेला लावला. "फोटो काढून आनलाय. तीच औषधं द्या, त्यांनी गुन येतो."

"कधीपासून?"

"पंधरा-वीस दिस झालं."

"दुखतं? ताप?"

"दुखत न्हाय. ताप न्हाय."

डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला. मनगट आणि हाताची मागची बाजू तेवढी दिसत होती, बोटं फोटोच्या कडेबाहेर गेलेली. मीठ आणि बर्फ यांत काम करणारा हात वयाआधीच म्हातारा होतो. सुनेचा अठ्ठावीस वर्षांचा आणि सासूचा त्रेपन्न वर्षांचा हात फोटोत वेगळा ओळखू येत नाही. त्यांनी मला उलगडलं. माझ्यावर नाव होतं नीराबाई.

प्रत्येक प्रश्न तीनदा विचारणाऱ्या त्या माणसाने एवढा एक प्रश्न विचारला नाही, की हा हात कुणाचा? आणि धनेशला सांगायचं सुचलं नाही. त्याच्या लेखी कागद घराचा होता, रोग घरात आला होता, डॉक्टर घरचे होते.

मी ओरडलो असतो, पण कागदाला फक्त सळसळता येतं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. धनेशला नवा कागद दिला आणि मला ठेवून घेतलं. तो गेल्यावर त्यांनी माझ्यावरची जानेवारीची ओळ पुन्हा वाचली.

"उलटलं, दयाराम. सात महिन्यांत उलटलं. मी औषध लवकर थांबवलं. किंवा निदानच चुकलं."

"एवढं मनाला लावून काय घेताय? परत बरं होईल."

"होईलही. पण मी लिहिलंय की पूर्ण बरं झालं. ते खोटं ठरलं."

सप्टेंबरात मासिकाचं पत्र आलं. रिपोर्ट स्वीकारला होता, दोन आठवड्यांत शेवटची संमती हवी होती. त्यांनी ते पत्र छापून माझ्याशेजारी ठेवलं. मधल्या दिवसांत धनेशला दोनदा फोन केला. "गोळ्या चालू हायत, फरक हाय," एवढंच तो म्हणाला. तेराव्या दिवशी डॉक्टरांनी एका बोटाने टाइप केलं: रुग्णाला आजार उलटला असल्याने माझा निष्कर्ष विश्वासार्ह राहिलेला नाही. कृपया रिपोर्ट मागे घ्यावा.

त्यानंतर ते मासळीबाजारात जाईनासे झाले. दयाराम आणून देतील ते खायचे, नाहीतर अंडी. आपण ज्या बाईला फसवलं तिच्यासमोर कसं उभं राहायचं, असं त्यांना वाटत असावं. एकदाच, पुढच्या वर्षी बाजार नीट सुरू झाल्यावर, मला सदऱ्याच्या खिशात घालून ते निघाले. विचारायचं ठरवून निघाले होते. त्यांच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती.

नीराबाईंनी लांबूनच पाहिलं. "काय वो डॉक्टर, खांबाआडून काय बघताव? म्हावरं चावत न्हाय!"

आजूबाजूच्या बायका हसल्या. डॉक्टर पुढे झाले. नीराबाईंच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत रबरी हातमोजे होते. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं आणि त्या बाईने त्यांचा शब्द एक दिवसही मोडला नव्हता.

"नीराबाई, बरं आहे ना?"

"आमचं काय, बरंच हाय. तुमीच सुकलाव बोंबलासारखं. हे घ्या, घरी न्या."

डॉक्टर काही क्षण त्या हातमोज्यांकडे बघत राहिले. ते काढा म्हणायचं मात्र राहूनच गेलं. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ही बाई बरंच हाय म्हणते आहे, असं त्यांनी धरून घेतलं. पापलेटची पिशवी घेऊन ते परतले. दवाखान्यात आल्यावर मला त्यांनी टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं.

तो खण पुढे उघडला नाही. वरून दयारामांचं बोलणं ऐकू यायचं, डॉक्टरांचं फारसं नाही. २०२२च्या पावसाळ्यात डॉक्टर गेले. दवाखान्याला कुलूप लागलं. अंधारात माझ्या कडा पिवळ्या पडल्या. एक झुरळ माझा कोपरा खाऊन गेलं, त्यालाही फार चव लागली नसावी. मनात एकच गोष्ट घोळत राहायची. मला माहीत आहे की मला वाटतं? ती गाठ विनिताच्याच हाताला होती ना? भिजलेल्या कागदाच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? आणि ठेवला तरी आता कुणासाठी?

२०२४च्या फेब्रुवारीत मृणाली सामान आवरायला आली. तिने मला वाचलं, मागे घेतलेल्या रिपोर्टची प्रत वाचली आणि जमिनीवरच बसून राहिली. त्वचारोग हाच तिचा विषय. "उलटायला नको होतं," ती दयारामना म्हणाली. "चार महिने औषध दिलंय काकांनी. त्यांनी पुन्हा तपासलं का नाही?"

"तपासायला धीर लागतो, ताई. तेवढा एकच त्यांच्याकडे नव्हता."

दयाराम तिला कोळीवाड्यात घेऊन गेले. मृणालीने मला नीराबाईंसमोर धरलं. "हा कागद तुमचा ना?"

"माझा कसला, घरचा हाय तो. इतकी वरसं जपलात व्हय?"

"२०२०च्या ऑगस्टमध्ये तुमच्या हाताला परत गाठी आल्या होत्या..."

"माझ्या? न्हाय गो बाय! त्या आमच्या विनिताला. तिला पन तीच औषधं दिली तुझ्या काकांनी. चार महिन्यांत खडखडीत. विनिता, ये बाय, हात दाखव."

मृणालीने विनिताच्या मनगटावरून बोट फिरवलं. "मग हे काकांना कुणी सांगितलं नाही?"

"काय सांगायचं होतं?" नीराबाई खरंच गोंधळल्या होत्या. "त्यांनीच तर बरं केलं. त्यांना म्हाईत नसंल का?"

दयारामनी तोंड फिरवलं. ज्या गोष्टीला डॉक्टरांनी आपलं अपयश मानलं, ती दुसरी बरी झालेली बाई होती. दोन रुग्णांचा रिपोर्ट एकाच्या रिपोर्टपेक्षा भक्कम असतो, हे मृणालीने तिथेच, कुणाला उद्देशून नव्हे, हळूच म्हटलं.

आता मी मुंबईत तिच्या टेबलावर, एका पारदर्शक पाकिटात आहे. ती रिपोर्ट नव्याने लिहिते आहे आणि पहिलं नाव काकांचं घालते आहे. माझ्याजवळ कुणी बसत नाही. पाकिटात हवाही येत नाही. पण मी तक्रार करत नाही. एवढंच मागणं आहे: दवाखान्यात जाल तेव्हा प्रत्येकाचा कागद वेगळा करा. आणि बरे झालात तर डॉक्टरांना एकदा जाऊन सांगा. त्यांना ते माहीत असेलच असं धरू नका.

बाकी माझ्या आठवणीतलं काय खरं, काय नाही, ते सोडून द्या. एक गोष्ट मात्र मृणालीने १८ फेब्रुवारी २०२४ ला, नीराबाईंचे हातमोजे उतरवून, खिडकीच्या उजेडात बोट न् बोट तपासून माझ्या शेवटच्या रेघेवर लिहिली आहे. नीराबाईंचा उजवा हात जानेवारी २०२० मध्ये बरा झाला होता, आणि तेव्हापासून त्यावर एकही गाठ आलेली नाही.