पालथा पैलवान

कुंडलच्या लोकांनी जोतीरामला बाजेसकट उचललं, तशी बनुबाईच्या हातातली भाकरी चुलीतच पडली.

"आवं पाटील, माज्या मालकास्नी कुठं नेतायसा?"

"आष्ट्याला. आज कुस्ती हाय न्हवं त्याची!" लालासाहेब पाटील म्हणाले.

वर्षातून एकदा तरी बनुबाईच्या नवऱ्याला भरतं यायचं. मग झोप नाही की दम नाही. एकट्यानं विहीर खणायला घ्यायची, वाटेनं जाणाऱ्याला अंगातला सदरा काढून द्यायचा. लोक म्हणायचे, लय दिलदार गडी! त्याच भरात त्यानं आष्ट्याच्या मैदानात शमशेर पैलवानाच्या हाताला हात लावला होता. चारचौघांत हात लावला की कुस्ती ठरली. माघार घेतली की कुंडल गावाचं नाक गेलं. पण मधेच भरतं ओसरलं आणि जोतीराम अंथरुणात पालथा पडला. ना बोलणं, ना खाणं.

"पोटात अन्नाचा कण न्हाई. मरतील की वं!"

"मरंना का! चीत झाला न्हाई म्हंजी झालं," पाटील म्हणाले.

बाज गाडीत चढली, मागून बनुबाई चढली.

मैदानात बाज उपडी केली. जोतीराम तांबड्या मातीत पालथा पडला आणि तसाच राहिला. शमशेरनं कमरेला हात घातला, लांग धरून ओढलं, मानेवर गुडघा दिला. जोतीराम मातीत बोटं रुतवून होता, तसूभर हलला नाही. शमशेर घामानं निथळला.

"काय डाव हाय गड्या!" लोक टोप्या उडवायला लागले. एकानं डावाचं बारसंही उरकलं, 'भुईचिकटा'. कुस्ती बरोबरीत सुटली. पालथ्या डोक्यालाच फेटा गुंडाळला. पाटलांनी तर पुढच्या मैदानाचा शब्दही देऊन टाकला.

बनुबाईनं तो शब्द ऐकला मात्र. सदरे वाटतो तवा दिलदार, मरायला टेकला तवा पैलवान! ती तरातरा मैदानात शिरली.

हलगी थांबली. बाईमाणूस हनुमानाच्या मातीत?

"बाटली माती!" पाटील किंचाळले. "आता ह्याची कुस्ती कोन लावंल?"

"लावूच नगा!"

पंच गोमूत्र शोधायला धावले. शमशेर मात्र तिथंच उकिडवा बसला होता. हळूच म्हणाला, "वैनी, ह्यो रडतोय वं. मगाधरनं."

बनुबाईनं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बने," मातीतून आवाज आला, "मला उठवंना गं."

"नगा उठू," ती म्हणाली आणि तिथंच मांडी घालून बसली.