इंजिन बघण्याचा कार्यक्रम

मुलगी बघायला लोक जातात, मुलगा बघायलाही जातात. यवतमाळात मात्र एका रविवारी सकाळी कमलाकरपंत रीतसर काळी टोपी घालून, चांगला दिवस पाहून, एक इंजिन बघायला निघाले.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. नंदकिशोर एका कापूस-कंपनीच्या कचेरीत कारकून. वय लग्नाचं, पगार पोटापुरता आणि डोक्यात एकच खूळ. मूर्तिजापूरला जाणाऱ्या छोट्या गाडीचं इंजिन त्याला घरी बनवायचं होतं. हातभर लांब, पण हुबेहूब तसंच, आणि खऱ्या वाफेवर चालणारं. गाडी स्टेशनात उभी असली की हा सुतळी घेऊन चाकांची मापं घेत बसायचा. येणारे-जाणारे हसायचे, हा मान वर करायचा नाही.

एकदा गाडीच्या खिडकीतून आवाज आला, "काय हो, इंजिनाला सदरा शिवून राहिले का?"

ती कुंदा. दारव्ह्याच्या शाळेत शिकवायची. सोमवारी जायची, शनिवारी घरी यायची. नंदकिशोरला उत्तर सुचेपर्यंत गाडी सुटली. ते उत्तर त्याने शनिवारी दिलं, "सदरा नाही, कोट." आठवडाभर डोकं खाजवून काढलेलं उत्तर म्हणून हे काही भारी नव्हतं. पण कुंदा मनापासून हसली, आणि त्यानंतर मापं घ्यायचं काम जे लांबलं ते संपेचना.

पुढे मध्यस्थ गेला, पत्रिका जुळल्या. घोडं अडलं ते कुंदाच्या वडिलांपाशी. कमलाकरपंत बॉयलर इन्स्पेक्टर होते. त्यांचा कोट दुरून दिसला तरी कापूस पिंजणाऱ्या जिनिंग कारखान्यांचे मालक खुर्चीतून उठून उभे राहायचे. मुलगा घरी वाफेचं इंजिन बनवतो हे ऐकल्यावर ते मध्यस्थाला म्हणाले, "मुलगा मागाहून पाहू. आधी इंजिन दाखवा. ज्याच्या हातचा बॉयलर कच्चा, त्याच्या घरी माझी पोरगी जाणार नाही."

शनिवारी स्टेशनवर कुंदा या वेळी हसली नाही. "बाबा पत्रिका परत करायला कमी करायचे नाहीत," ती म्हणाली. "नीट करा हो."

रविवारी नंदकिशोरच्या मदतीला धरमसिंग आला. हा त्याचा दोस्त, घाटंजीकडच्या तांड्यातला, त्याच मूर्तिजापूरच्या गाडीवर फायरमन. आज फावड्याऐवजी त्याच्या हातात चमचा होता, कारण या इंजिनाची भूक स्पिरिटच्या दिव्यावर भागायची. स्वयंपाकघराच्या दारापासून बैठकीपर्यंत पत्र्याच्या पट्ट्यांचे रूळ मांडले होते. इंजिनामागे एक उघडा डबा जोडला होता, ती नंदकिशोरच्या आईची कल्पना. "मुलगी बघायला गेलं तर मुलगी पोहे घेऊन येते न? मग आपल्या घरी हे आणेल," असं म्हणून ती कांदा चिरायला बसली होती.

पंत आले. मुलाकडे त्यांनी पाहिलंही नाही. कोट काढून खुंटीला लावला, सतरंजीवर बसले, मग वाकले आणि शेवटी सरळ पोटावर आडवे झाले. बॉयलरच्या सांध्यांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"कशाचा आहे?"

"तांब्याच्या नळीचा. सांधे झाळून घेतले."

"पाण्याचा दाब देऊन पाहिला?"

"दोनदा."

"दोनदा काहून?"

"पहिल्यांदा फुटला," नंदकिशोर म्हणाला. दाराआड आईने कपाळाला हात लावला. एवढं खरं बोलायची काय गरज होती, असं तिला वाटलं.

"हं," पंत म्हणाले. त्यांच्या 'हं'चा अर्थ भल्याभल्या मालकांना लागला नव्हता, तर नंदकिशोरला कुठून लागणार?

"सेफ्टी व्हॉल्व्ह उडवून दाखवा."

धरमसिंगने दिवा पेटवला. पाणी तापलं, बॉयलर गुणगुणायला लागला. मग घुंडीएवढा व्हॉल्व्ह फुस्स करून उडाला, वाफ सोडली आणि आपोआप बसला. पंतांनी चष्मा पुसला आणि पुन्हा घातला.

"धुराडं डावीकडे कललं आहे," ते म्हणाले.

"खऱ्या इंजिनाचंही कललेलं आहे," नंदकिशोर म्हणाला.

"हो जी," धरमसिंग म्हणाला. "मी रोजच पाहून राह्यलो न. तिचं बी तिकडंच वाकलं हाय."

पंतांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसू होतं की खोकला हे कळायला मार्ग नव्हता. "चालवा," एवढंच ते म्हणाले.

आईने डब्यात बशी ठेवली. नंदकिशोरने दांडी ओढली. इंजिनाने एक उसासा टाकला, दुसरा टाकला आणि निघालं. छुक छुक करत, स्वतःच्याच वाफेत न्हात, ते अर्ध्या बैठकीपर्यंत आलं आणि थांबलं. चाकं जागच्या जागी फिरत राहिली.

नंदकिशोरने दिवा पाहिला, पाणी पाहिलं. सगळं जागेवर होतं. धरमसिंगने मात्र डब्यात डोकावून पाहिलं. आईने मायेपोटी पोह्यांचा डोंगर रचला होता आणि शेजारी बेसनाचा लाडूही ठेवला होता, चांगला मुठीएवढा.

"काकी, ओझं जादा झालं," म्हणून त्याने लाडू उचलला आणि दुसरीकडे ठेवायला जागा नसल्यामुळे तोंडात टाकला. गाडी हलली. वळणावर शिट्टी वाजली, बारीक पण खणखणीत, आणि इंजिन पंतांच्या नाकासमोर येऊन उभं राहिलं. नंदकिशोरला इतका आनंद झाला की आपण कशासाठी उभे आहोत हेच तो क्षणभर विसरला.

पंत उठून बसले. त्यांनी बशी उचलली, पोह्यांकडे पाहिलं आणि ती अलगद बाजूला सारली.

"घ्या न," आई म्हणाली. "थोडेसे तरी."

"नाही. पाणीही नको."

आईचा चेहरा उतरला. धरमसिंग लाडू चावायचा थांबला. आता शनिवारी कोणत्या तोंडाने स्टेशनवर जायचं? कसाबसा आवाज काढून नंदकिशोरने विचारलं, "साहेब, इंजिनात काही खोट निघाली का?"

"निघाली तर. उजवीकडचा दांडा घासतो, त्याला तेल द्या. शिट्टी फार चिरकी आहे. बॉयलर पास."

"मग पोहे...?"

पंतांनी त्याच्याकडे प्रथमच नीट पाहिलं.

"लेकीच्या घरचं कोणी खाते का?" ते म्हणाले. "नातवंड होईस्तोवर मी या घरी पाण्यालाही शिवणार नाही."

आईने पदर डोळ्यांना लावला. धरमसिंगने राहिलेला लाडू एका घासात गिळला. नंदकिशोर नुसताच उभा.

"उभे काय राहिले?" असं म्हणत पंत पुन्हा पोटावर आडवे झाले. "दिवा विझला. पेटवा, आता उलटं चालते का ते पाहू."

नंदकिशोरने काडी ओढली. ती मोडली. दुसरी ओढली, तीही मोडली. शेवटी पंतांनी पेटी त्याच्या हातातून घेतली आणि दिवा स्वतःच लावला.